लोकरी मावा उसाचे वजन आणि उतारा कसा खातो?

उसाच्या फडात शिरून एखादे पान उलटून पाहा. मधल्या शिरेच्या कडेने पिंजलेल्या कापसासारखा पांढरा थर दिसला, की लोकरी मावा आला असे समजावे. ही लोकर म्हणजे किडीच्या अंगावरचे मेण. तिच्याखाली शेकडो मावे सोंड खुपसून रस शोषत असतात.

आधी ही कीड मुख्यतः ईशान्य भारतात आणि पश्चिम बंगालमध्ये होती. जुलै २००२ मध्ये ती सांगली जिल्ह्यात दिसली आणि काही महिन्यांतच उत्तर कर्नाटकातही पोचली. माद्या नराशिवाय थेट पिल्लांना जन्म देतात, ढगाळ दमट हवा त्यांना मानवते, आणि वाऱ्याबरोबर किंवा वैरणीला नेलेल्या वाढ्यांबरोबर त्या दुसऱ्या शिवारात जातात.

नुकसान दोन पायऱ्यांनी होते. साखर पानात तयार होऊन कांड्यांत साठते. मावा ती वाटेतच शोषतो. शिवाय त्याच्या अंगातून गोड चिकट थेंब खालच्या पानांवर पडतात आणि त्यांवर काजळीसारखी काळी बुरशी चढते. मग पानाला ऊन मिळत नाही. परिणामी ऊस बारीक राहतो, वजन घटते आणि रसातली साखर कमी होऊन उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, घसरतो.

आता पैशांचा हिशेब मांडू. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४.६० रुपये जास्त मिळतात. समजा, एकरी ५० टनांचा ऊस ४५ टनांवर आला. पायाभूत दरानेच १७,७५० रुपये गेले. हा तोटा त्या शेतकऱ्याचा एकट्याचा. उतारा मात्र साऱ्या कारखान्याचा सरासरी धरतात. कीड गावोगावी पसरून तो ११ वरून १०.५ झाला, तर टनामागे १७३ रुपये कमी होतात, म्हणजे उरलेल्या ४५ टनांवर आणखी ७,७८५ रुपये. ज्याचा फड स्वच्छ होता, त्यालाही ही झळ बसते. म्हणून या किडीशी एकट्याने लढून भागत नाही.

उंच वाढलेल्या उसात फवारणी करणे अवघड. शिवाय औषधाने मित्रकीटकही मरतात. इथे मोठा आधार मिळाला तो बेंगळुरूचा. तिथे १९९३ पासून जैविक कीडनियंत्रणाचे प्रकल्प संचालनालय होते, तेच आज हेब्बाळची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था आहे. तिथल्या आणि इतर केंद्रांतल्या शास्त्रज्ञांनी माव्याच्या शत्रूंवर काम केले. डिफा या पतंगाची अळी माव्याच्या थरात जाळे विणून आतल्या आत माव्याचा फडशा पाडते. मायक्रोमस या कीटकाची अळी मावा शोषून खाते. एन्कार्सिया ही इवलीशी गांधीलमाशी ईशान्य भारतातून आणून दक्षिणेत सोडली. हेक्टरी डिफाच्या १,००० अळ्या किंवा मायक्रोमसच्या २,५०० अळ्या सोडण्याची शिफारस आहे. डिफाच्या अळ्या असलेली पाने कापून बाधित फडात टाचली, तरी काम होते.

तेव्हा पान उलटल्यावर पांढऱ्या लोकरीत रेशमी जाळे दिसते का, तेही पाहा. दिसले, तर फवारणीचा पंप खाली ठेवा आणि ती पाने शेजाऱ्याच्या बाधित फडातही पोचवा. उतारा सगळ्यांचा एकच आहे.