स्पर्धा आणि रानवाट : यामाहा डब्ल्यूआर४००एफ मोटारसायकलच्या रचनेचा विचार

प्रस्तावना : मोटोक्रॉस स्पर्धेच्या बंदिस्त मार्गावर मोटारसायकलने क्षणार्धात वेग घेणे आणि उडीनंतरचा आघात सोसणे अपेक्षित असते. याउलट दगड, मुळे व चिखल यांनी भरलेल्या रानवाटेवर मंद गतीतही इंजिन बंद न पडणे आणि दीर्घ पल्ला गाठणे महत्त्वाचे ठरते. या परस्परविरोधी गरजांचा मेळ कसा घातला जातो, हे प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी : १९९० च्या दशकात मोटोक्रॉसमध्ये हलक्या टू-स्ट्रोक इंजिनांचे वर्चस्व होते. १९९७ मध्ये डग हेन्री यांनी यामाहाच्या प्रायोगिक फोर-स्ट्रोक मोटारसायकलवर लास वेगास येथील सुपरक्रॉस शर्यत जिंकली. १९९८ मध्ये वायझेड४००एफ बाजारात आली आणि त्याच वर्षी तिच्यावर हेन्री यांनी अमेरिकेचे २५० वर्गातील राष्ट्रीय मोटोक्रॉस विजेतेपद मिळविले. तिच्याच इंजिनावर रानवाटांसाठीची डब्ल्यूआर४००एफ आधारलेली होती.

रचनेतील साम्य व भेद : स्पर्धेच्या टू-स्ट्रोक इंजिनाची शक्ती फेऱ्यांच्या अरुंद पट्ट्यात एकवटते, फोर-स्ट्रोकची शक्ती विस्तृत पट्ट्यात पसरते. त्यामुळे एकच इंजिन दोन्ही कामांस योग्य ठरू शकले. डब्ल्यूआरमध्ये गिअरच्या प्रमाणांतील अंतर वाढविले होते. म्हणून पहिल्या गिअरमध्ये चढ संथपणे चढता येई आणि शेवटच्या गिअरमध्ये मोकळ्या वाटेवर वेग राखता येई. जड फ्लायव्हीलमुळे इंजिन सहसा बंद पडत नसे. मागील चाक १९ ऐवजी १८ इंचांचे असल्याने टायरची उंच बाजू दगडांचे धक्के अधिक शोषून घेई. मोठी इंधनटाकी, दिवा व स्टँड यांचीही जोड होती.

ध्वनीचा प्रश्न : अमेरिकेत ही मोटारसायकल थ्रॉटलच्या उघडण्यावर मर्यादा घालणाऱ्या अडसरासह विकली जाई. अनेक चालक तो अडसर व सायलेन्सरमधील ध्वनिरोधक भाग काढून टाकीत. स्पर्धेत अशा फेरफाराने शक्ती वाढते. रानात मात्र आवाज पदयात्री, वन्यजीव व परिसरातील रहिवासी यांच्यापर्यंत पोहोचतो. २००५ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेने मोटारवाहनांचा वापर निश्चित मार्गांपुरता मर्यादित करणारा नियम केला. अशा परिस्थितीत प्रत्येक मार्ग खुला राहणे चालकांच्या वर्तनावरही अवलंबून असते.

निष्कर्ष : दुहेरी उपयोगाची क्षमता अभियंत्यांनी यंत्रात निर्माण केली, परंतु स्थळानुरूप संयम यंत्रात बसविता येत नाही. स्पर्धेची सवय रानवाटेवर नेल्यास अखेरीस गमवावी लागते ती वाटच.