संशयाचा भाव

१७७ या आकड्यातला पहिला १ खरवडून काढला की ७७ उरतात. गणितात एवढ्याने शंभराचा फरक पडतो, ब्रिटिश टपाल तिकिटांच्या बाजारात काही कोटींचा पडतो. व्हिक्टोरिया राणीच्या तांबड्या, एक पेनीच्या तिकिटावर दोन्ही बाजूंच्या नक्षीत छपाईच्या प्लेटचा क्रमांक कोरलेला असतो. इतका बारीक, की भिंगाशिवाय तो सापडत नाही. तिथे १७७ असेल तर ते तिकीट अगदी किरकोळ पैशांत मिळतं. तिथे ७७ असेल आणि ते खरे असतील, तर हिशेबच निराळा. २०१२ साली लंडनच्या स्टॅन्ली गिबन्स या नामांकित पेढीने असं एक तिकीट साडेपाच लाख पौंडांना विकलं. त्या वेळच्या दराने चार कोटी रुपयांच्या वर. असा भाव फुटल्यावर कुणी ना कुणी ब्लेड घेऊन बसणारच. १७७ खरवडून किंवा ७३ मधला ३ सुधारून केलेली ‘सत्त्याहत्तरं’ तज्ज्ञांपुढे नेमाने येत असतात.

मुळात ७७ क्रमांकाची प्लेट वापरायचीच नव्हती. १८५४पासून तिकिटांभोवती दाते पाडायला सुरुवात झाली होती. या प्लेटवरचे ठसे असे बसले होते, की दाते पाडणाऱ्या यंत्राशी त्यांचा मेळ बसेना. प्लेट बाद ठरली. तरी काही तिकिटं छापखान्याच्या बाहेर पडली आणि पत्रांवर चिकटलीही. आज माहीत असलेली हाताच्या बोटांवर मोजता येतात. त्यांतलं एक ब्रिटिश लायब्ररीत, टॅपलिंग संग्रहात आहे. टॉमस टॅपलिंग हा खासदार १८९१मध्ये वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी वारला आणि आपला सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन गेला, तोच आता ब्रिटिश लायब्ररीत आहे.

या छंदाच्या इतिहासात थोडं खोल शिरलं की एक गंमत लक्षात येते. संग्राहक ज्या खुणांवर जीव टाकतात, त्यांतली बहुतेक एकही त्यांच्यासाठी केलेली नव्हती. सगळी तजवीज सरकारने चोरांसाठी केली होती.

राणीचा चेहरा आणि कोपऱ्यातली अक्षरं

१८४०पूर्वी ब्रिटनमध्ये टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणारा भरी. दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. खासदारांची पत्रं मात्र फुकट जात. रोलंड हिलने १८३७मध्ये पुस्तिका लिहून हा कारभार उलटा करायला सुचवलं: देशात कुठेही एकच दर, आणि पैसे पाठवणाऱ्याने आधी भरायचे. १० जानेवारी १८४० रोजी एक पेनीचा सरसकट दर लागू झाला. १ मे रोजी काळं ‘पेनी ब्लॅक’ विक्रीला आलं आणि ६ मेपासून अधिकृतपणे चालू झालं. चौदा वर्षांनी, १ ऑक्टोबर १८५४ला, हिंदुस्थानातही पाव तोळ्याच्या पत्राला कुठेही अर्धा आणा हा दर आला, तो याच कल्पनेतून.

आधी पैसे घ्यायचे म्हणजे पैसे मिळाल्याची पावती पत्रावर हवी, आणि पावती आली की बनावट पावतीची धास्ती आलीच. तिकीट घडलं ते या धास्तीतून. चित्र म्हणून तरुण राणीचा चेहरा घेतला, त्यामागे एक हिशेब होता. वेलबुट्टीतली चूक सहसा ध्यानात येत नाही, पण ओळखीच्या चेहऱ्यात किंचित बदल झाला तरी माणसाच्या डोळ्याला खटकतो, असा युक्तिवाद बेंजामिन शेव्हर्टनने केला होता. विल्यम वायनच्या १८३७च्या पदकावरून हेन्री कोर्बोल्डने चित्र काढलं, चार्ल्स आणि फ्रेडरिक हीथ या बापलेकांनी ते पोलादात कोरलं आणि चलनी नोटांच्या छपाईत मुरलेल्या पर्किन्स, बेकन अँड पेच यांनी छापलं. चेहऱ्यामागे यंत्राने काढलेल्या रेषांचं जाळं आणि कागदात मुकुटाचं जलचिन्ह होतं.

शिवाय खालच्या दोन कोपऱ्यांत दोन अक्षरं होती. एका तावावर २४० तिकिटं असत, बारांच्या वीस ओळींत. म्हणजे पूर्ण तावाची किंमत बरोबर एक पौंड. डावीकडचं अक्षर ओळ सांगतं, उजवीकडचं त्या ओळीतली जागा. ‘आर–जे’ लिहिलेलं तिकीट अठराव्या ओळीतलं दहावं. बनावट करणाऱ्याने एकच ठसा करून भराभर छापलं तर सगळ्यांवर तीच अक्षरं येतील आणि तो पकडला जाईल, असा बेत होता.

ही अक्षरं कारागिराने प्लेटवर ठोकणीने एकेक करून हाताने ठोकली. हात माणसाचा असल्यामुळे एखादं अक्षर चौकोनाच्या तळाशी टेकलं, एखादं कलंडलं, एखादं दोनदा उमटलं. या बारीकसारीक फरकांवरून आज तिकीट अकरा प्लेटांपैकी कुठल्या प्लेटचं ते सांगता येतं. अकरावी प्लेट मुळात लाल तिकिटांसाठी केली होती. काळ्या शाईत तिचे जेमतेम ७०० ताव निघाले, म्हणून तिचा भाव सगळ्यांत चढा. एकाच प्लेटची २४० अक्षरजोड्यांची तिकिटं शोधून अख्खा ताव पुन्हा जुळवण्यात काहींनी उभी हयात घालवली आहे.

काळ्या तिकिटावर लाल शाईने माल्टीज क्रॉसचा शिक्का मारला जाई. ती शाई पुसून तिकीट पुन्हा वापरता येतं, हे लोकांनी लवकरच हेरलं. तेव्हा १८४१च्या फेब्रुवारीत तिकीट तांबडं झालं आणि शिक्का काळा. दोन वापरलेल्या तिकिटांचे कोरे भाग जोडून एक नवं करणारेही होते. त्यांना आळा म्हणून पुढे चारही कोपऱ्यांत अक्षरं आली, वर उलट्या क्रमाने.

जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे

पेनी ब्लॅक हे जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट असलं तरी ते दुर्मीळ नाही. वर्षभरात सुमारे ६ कोटी ८० लाख छापली गेली. त्या काळी पाकिटाचा वापर थोडा होता. पत्राचाच कागद दुमडून मागे पत्ता लिहीत आणि तिथेच तिकीट लावीत. त्यामुळे वकिलांच्या, बँकांच्या दप्तरांत पत्रं जपली गेली तशी तिकिटंही जपली गेली. आजही साधारण स्थितीतलं पेनी ब्लॅक काही हजार रुपयांत मिळतं.

भाव वाढतो तो कडांमुळे. तेव्हा दाते नव्हते आणि दोन तिकिटांमध्ये जागा जेमतेम मिलिमीटरभर. पोस्टमास्तर कात्रीने भराभर कापून देई. कात्री जराशी तिरकी गेली की एका तिकिटाची कड दुसऱ्याला जाई. चारही बाजूंना पांढरी पट्टी शाबूत असलेलं तिकीट हवं तर कात्री चारदा सरळ चाललेली हवी. म्हणून लिलावाच्या यादीत ‘चार कडा’ हे शब्द सोन्याच्या मोलाचे. त्यानंतरच्या तांबड्या पेनीचं किंवा १८८१च्या जांभळ्या पेनीचं तर विचारूच नका, ती अब्जांनी छापली गेली. आजोबांच्या अल्बममध्ये ती हमखास असतात आणि घरात ती लाखमोलाची मानली जातात. तो गैरसमज भिंग हातात घेतलं की दोन मिनिटांत दूर होतो.

खरी दुर्मिळता बहुधा सरकारी निर्णयातून येते. सातव्या एडवर्डच्या काळात महसूल खात्याच्या (इनलँड रेव्हेन्यू) वापरासाठी ‘आय. आर. ऑफिशियल’ असा छाप मारलेली तिकिटं असत. त्यांतलं सहा पेन्सांचं तिकीट १४ मे १९०४ रोजी निघालं आणि त्याच दिवशी अशी सगळी तिकिटं मागे घेण्यात आली. २०१०मध्ये त्यातलं एक चार लाख पौंडांना गेलं. १९१०चं दोन पेन्सांचं ‘टिरियन प्लम’ याहून विलक्षण. दोन कोटी चाळीस लाख तिकिटं छापून तयार होती. ६ मे रोजी एडवर्ड वारला आणि साठा नष्ट करण्यात आला. टपालात वापरलेलं एकच ज्ञात आहे. ५ मे रोजी ते युवराजांच्या नावे टाकलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी पोचलं. त्याच दिवशी युवराज राजा झाला. हा राजा म्हणजे पाचवा जॉर्ज, स्वतः अट्टल संग्राहक. ते पाकीट आजही राजघराण्याच्या संग्रहात आहे.

स्टॉक एक्स्चेंजचा कारकून

अक्षरांच्या पहाऱ्याची खरी कसोटी लागली ती लंडनच्या शेअर बाजारातल्या तारघरात. १८७२-७३चा सुमार. वीस शब्दांच्या तारेला एक शिलिंग पडे. गिऱ्हाईक पैसे देई आणि तारेच्या कागदावर कारकून एक शिलिंगचं हिरवं तिकीट लावून शिक्का मारी. कागद खात्यातच राही, तिकीट गिऱ्हाइकाच्या हाती जातच नसे. इथल्या कुणीतरी बनावट तिकिटं लावून खरे शिलिंग खिशात घालायला सुरुवात केली. गर्दी दलालांची, घाई भावाची, तिकिटाकडे बघतो कोण? जुने कागद नष्ट व्हायला हवे होते, ते रद्दीत गेले. प्रकरण कायमचं मिटलं, असंच अपराध्याला वाटलं असणार.

१८९८मध्ये चार्ल्स निसेन या तरुण तिकीट-व्यापाऱ्याच्या हाती त्यांतली काही तिकिटं आली. त्याला आधी जलचिन्ह दिसेना. मग त्याने कोपऱ्यातली अक्षरं पाहिली. ओळीत बाराच तिकिटं असल्यामुळे जागा सांगणारं अक्षर ‘एल’च्या पुढे जाऊच शकत नाही. काही तिकिटांवर ते पुढे गेलं होतं. खऱ्या तावावर जी जागाच नाही, तिथली ही तिकिटं! बनावटखोराने अक्षरं बदलण्याची खबरदारी घेतली होती, त्यांचा अर्थ मात्र त्याला ठाऊक नव्हता. खात्याने उभा केलेला पहारा पंचवीस वर्षं झोपला होता, त्याला जागं केलं ते एका तिकीट-व्यापाऱ्याने. गुन्हेगार अखेर सापडलाच नाही. आज ती बनावट तिकिटं त्याच काळातल्या खऱ्या शिलिंगपेक्षा कितीतरी महाग विकली जातात, आणि त्यांचीही नक्कल तर नाही ना, हे तपासून घ्यावं लागतं.

हातोडा पडण्याआधी

लंडनमध्ये तिकिटांचा पहिला लिलाव सदबीजच्या पेढीने १८७२मध्ये केला. योगायोग असा, की त्याच साली शेअर बाजारात बनावट तिकिटं खपत होती. पुढे लिलाव वाढले तशी खात्रीची गरज वाढली. १८६९मध्ये स्थापन झालेल्या, आज रॉयल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लंडनच्या फिलाटेलिक सोसायटीने १८९४मध्ये तज्ज्ञ समिती नेमली. तिचा दाखला असेल तर लिलावातल्या लॉटला बोली वेगळी आणि नसेल तर वेगळी.

समिती खरंखोटं तेवढंच बघत नाही. कोऱ्या तिकिटाचा मूळ डिंक शाबूत आहे, की मागाहून लावलाय? अल्बमच्या चिकटपट्टीचा डाग आहे का? फाटलेला कोपरा कागद जोडून दुरुस्त केलाय का? अतिनील दिव्याखाली यातलं बरंच उघडं पडतं. मूळ डिंकासाठी लोक इतके पैसे मोजतात, की नव्याने डिंक लावून देण्याची कला वेगळी विकसित झाली, आणि ती ओळखण्याचीही.

नवख्याचा पहिला गोंधळ कॅटलॉगच्या किमतीचा. गिबन्सच्या कॅटलॉगातली किंमत म्हणजे उत्तम प्रतीसाठी दुकानदाराने सांगितलेला भाव. लिलावात तीच वस्तू बऱ्याचदा त्याच्या बरीच खाली जाते. दुसरा गोंधळ हातोड्याचा. हातोडा हजार पौंडांवर पडला तरी घेणाऱ्याला पेढीचं वीस टक्के किंवा अधिक अधिमूल्य धरून बाराशे किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात. विकणाऱ्याच्या हाती दलाली वजा जाऊन हजाराच्या आत पडतात. ही मधली फट भरून निघेपर्यंत ‘गुंतवणूक’ तोट्यातच असते. तिसरी गोष्ट थोड्यांनाच उमगते. एखाद्याने पेढीकडे हजार पौंडांची लेखी बोली ठेवली आणि पुढची मोठी बोली सहाशेची असली, तर लॉट सहाशेच्या वरच्या एका टप्प्याला त्याला मिळतो. म्हणजे किंमत ठरवतो तो हरणारा.

१९०४मध्ये तेव्हाच्या युवराज जॉर्जने मॉरिशसच्या दोन पेन्सांच्या ‘पोस्ट ऑफिस’ तिकिटासाठी १४५० पौंड मोजले. लिलावानंतर एका दरबाऱ्याने त्यांना सांगितलं, कुणा मूर्खाने एका तिकिटाला एवढे पैसे दिले म्हणे. तो मूर्ख मीच, असं युवराज म्हणाले, असा किस्सा आहे. पण त्या दालनात एकट्या युवराजांचीच बोली असती, तर आकडा तिथवर चढला नसता. किस्सा खरेदीदाराचा सांगितला जातो, आकडा मात्र दुसऱ्याने चढवलेला असतो.

याचा उलटा दाखला डिसेंबर २०२१चा. टपाल-सुधारणेसाठी झगडलेले खासदार रॉबर्ट वॉलेस यांच्याकडचा एक कागद सदबीजने लिलावात काढला. त्यावर पेनी ब्लॅकच्या अगदी पहिल्या छपाईतलं मानलं गेलेलं तिकीट चिकटवलेलं होतं आणि सोबत वॉलेस यांची १० एप्रिल १८४०ची नोंद होती, म्हणजे विक्रीच्या तीन आठवडे आधीची. संशोधन झालं होतं, तज्ज्ञांचे दाखले होते. अंदाजी किंमत चाळीस ते साठ लाख पौंड सांगितली गेली. कागद विकला गेला नाही.

सुमारे एकशे ऐंशी वर्षांच्या संशयातून घडलेलं सारं शास्त्र तिथे आपलं काम चोख करून मोकळं झालं होतं. वस्तू काय आहे, हे त्याने पुरेपूर सांगितलं. तिला किती द्यायचे, हे सांगायला विकणाऱ्याने ठरवलेल्या राखीव किमतीपलीकडे जाणारी दोन माणसं समोरासमोर यावी लागतात. ती त्या दिवशी आली नाहीत, आणि ती येतीलच असा दाखला कोणतीही समिती देत नाही.