याचक आणि यजमान

‘सर्व्हर डाऊन आहे’ हें वाक्य हल्लीं लहानथोरांच्या तोंडीं इतकें बसलें आहे कीं, त्याचा अर्थ विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. बँकेच्या खिडकीशीं, निकालाच्या दिवशीं तें कानीं पडतें आणि मनुष्य निमूटपणें परत फिरतो. सर्व्हर म्हणजे कोठेंतरी दूर, थंड केलेल्या दालनांत ठेविलेलें एखादें अवाढव्य यंत्र, अशी सामान्य समजूत आहे. ती अर्धवट असून तिच्यामुळें खिशांतील वस्तूची खरी योग्यता आपणांस कळत नाहीं, असें आमचें मत आहे.

संस्कृत शिकलेल्या वाचकांस कारकें आठवत असतील. राम हा एका वाक्यांत कर्ता असतो, दुसऱ्यांत कर्म, तिसऱ्यांत संप्रदान. क्रियेशीं संबंध बदलला कीं कारक बदलतें, राम तोच राहतो. सर्व्हर हेंहि असेंच एक कारक आहे. जो संगणक कोणी मागण्याची वाट पाहत बसतो व मागितलेलें देतो, तो सर्व्हर. मागतो तो क्लायंट. एकास आपण यजमान म्हणूं, दुसऱ्यास याचक. १९९० सालीं टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेंत जगांतील पहिला वेब-सर्व्हर चालविला, तो नेक्स्ट नांवाच्या टेबलावरील संगणकावर. ‘हें यंत्र सर्व्हर आहे, बंद करूं नये’ अशा आशयाची चिठ्ठी त्यावर चिकटविलेली होती. पाहणाऱ्यास तें इतर संगणकांहून वेगळें दिसत नव्हतें, म्हणूनच चिठ्ठीची गरज पडली.

फोनहि संगणकच आहे. अँड्रॉइड फोनच्या तळाशीं लिनक्स आहे, आणि मोठमोठ्या दालनांतील बहुतेक सर्व्हरहि लिनक्सवरच चालतात. नोकियाच्या संशोधकांनीं २००६ सालींच अपाची हा नामांकित वेब-सर्व्हर आपल्या सिंबियन फोनवर चालविला होता. आज तर काम फारच सुलभ झालें आहे. जुन्या अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हें विनामूल्य साधन घ्यावें, त्यांत पायथन बसवावें आणि एका ओळीची आज्ञा द्यावी. त्या फोनमधील एक कप्पा घरच्या वाय-फायवरील इतर फोनांस दिसूं लागतो. आमच्या घरीं असा एक फोन आहे. बाहेरचें इंटरनेट बंद पडलें तरी तो घरांत आपलें काम करीत राहतो, याची मुलांस मोठी मौज वाटते.

अशा यजमानाचा पत्ता ‘१९२.१६८.१.७:८०८०’ असा कांहींसा असतो. अपूर्णविरामापूर्वींचा भाग हा वाड्याचा पत्ता, नंतरचा भाग हा दाराचा क्रमांक. त्या दारास पोर्ट म्हणतात. प्रत्येक वाड्यास ६५,५३६ क्रमांक असतात. त्यांपैकीं १०२४ च्या खालचीं दारें उघडण्याचा अधिकार यंत्राच्या मुख्य धन्याचा असल्यामुळें, आपल्यासारख्यांनीं ८०८० सारखें वरचें दार घ्यावयाचें. याचक दारीं आला कीं ‘येऊं का?’ असें विचारतो. यजमान ‘या, माझें ऐकूं येतें ना?’ म्हणतो, याचक ‘येतें’ म्हणतो. या तीन उद्गारांनंतरच देवाणघेवाण सुरू होते. दोघांचे पत्ते व दोघांचीं दारें, या चार आंकड्यांवरून तें संभाषण ओळखलें जातें. म्हणूनच फोन वाय-फाय सोडून मोबाईलच्या जाळ्यावर गेला कीं त्याचा पत्ता बदलतो व चालूं संभाषणें तुटतात. २०२१ सालीं प्रमाणित झालेल्या क्विक या पद्धतींत प्रत्येक संभाषणास स्वतःची खूण दिलेली असते. पत्ता बदलला तरी ओळख टिकते.

घरांत इतकें सोपें असलेलें हें काम परगांवच्या मुलीस मात्र साधत नाहीं. जुन्या पद्धतीचे पत्ते एकंदर ४,२९,४९,६७,२९६. त्यांचा जागतिक सांठा फेब्रुवारी २०११ मध्यें वाटून संपला. त्यामुळें पुष्कळ कंपन्या एकाच बाह्य पत्त्यामागें शेंकडों ग्राहक बसवितात. देवडीवर एक पहारेकरी असतो. आंतून गेलेल्या पत्राचें उत्तर तो बरोबर आंत पोंचवितो. परंतु बाहेरचा अनाहूत पाहुणा कोणाकडे आला आहे हें त्यास कळत नाहीं, म्हणून तो त्यास परतवितो. नव्या पद्धतीचे पत्ते विपुल आहेत, तरी मोबाईलच्या जाळ्यांत पहारा बहुधा राहतोच.

यावर उपाय असा कीं, यजमानानेंच आधीं बाहेर पडावें. फोननें बाहेरच्या एखाद्या विश्वासू यंत्राशीं वाट जोडून ठेवावी व पाहुण्यांनीं त्याच वाटेनें आंत यावें. नोकियाच्या मंडळींनींहि हीच युक्ति योजिली होती. मात्र पहारेकरी विसराळू असतो. वाटेवर कांहीं काळ कोणी फिरकलें नाहीं तर तो ती बुजवितो. म्हणून वायरगार्डसारख्या साधनांत दर २५ सेकंदांस एक लहानशी हांक देत राहण्याची सोय आहे.

फोनचा दुसरा शत्रु म्हणजे निद्रा. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून स्वस्थ पडलेला फोन बॅटरी वांचविण्यासाठीं गाढ झोंपतो. त्यास जागें ठेवण्याची सोय टर्मक्समध्यें आहे. परंतु रात्रंदिवस वीज जोडलेली बॅटरी तापून फुगण्याचें भय असतें. फोन मोकळ्या हवेंत ठेवावा. पाठ फुगलेली दिसतांच वापर थांबवून तो ई-कचऱ्याच्या केंद्रांत द्यावा. कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथील संशोधकांनीं दहा जुने फोन जोडून सर्व्हरचें काम करून घेतलें व तो प्रयोग २०२३ सालीं प्रसिद्ध केला. तेव्हां कपाटांत पडलेले फोन निरुपयोगी समजूं नयेत.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. आजीच्या आवाजांतील ओव्या, आजोबांचीं पत्रें, लग्नमुंजींचीं छायाचित्रें आज आपण परक्या यजमानाच्या घरीं ठेवितों. याहू कंपनीनें २००९ सालीं जिओसिटीज बंद केलें, तेव्हां असंख्य लोकांचीं हौसेनें रचिलेलीं पानें उठलीं. पाहुण्यानें यजमानाच्या मर्जीवर राहावयाचें, हा नियमच आहे. निदान एक प्रत आपल्या घरीं, आपल्या यंत्रावर असावी. आणि तेंहि कधीं तरी मोडणारच, म्हणून आणखी एक अन्यत्र.

परंतु दार उघडणें ही जोखीम आहे. पायथनचा तो सोपा सर्व्हर कोणास ओळख विचारीत नाहीं व बोलणें गुप्तहि ठेवीत नाहीं. तो घरापुरताच चालवावा. सर्व फोन नव्हे, एकच कप्पा मोकळा करावा. बँकेचीं कामें ज्या फोनवर होतात तो या कामीं कधींहि लावूं नये. बाहेरच्यांसाठीं किल्ली असलेलीच वाट ठेवावी. सुटींत मुलांनीं असा एक यजमान घरांत उभा करावा व वडील मंडळींनीं तो समजून घ्यावा. मग पुढें ‘सर्व्हर डाऊन आहे’ हें वाक्य कानीं आलें, तर कोणतें दार, कोणता पहारेकरी कीं कोणाची झोंप, असा प्रश्न निदान मनांत तरी उठेल.