आजीच्या फोटोला किती मिलिमीटर?

दुपारी खोलीतले दिवे बंद करावेत, एकच खिडकी उघडी ठेवावी आणि तिच्या समोरच्या भिंतीजवळ साधं बहिर्वक्र भिंग धरावं. पेपर वाचायला वापरतात तेही चालतं. भिंग हळूहळू मागेपुढे केलं की एका ठिकाणी भिंतीवर बाहेरचं झाड उमटतं. उलटं, पण रंगांसकट, वाऱ्याने पानं हलतात तीही दिसतात. माझ्या भाचीने कॅमेरा घेतला आणि महिन्याभरात विचारलं, “मामा, आता दुसरी लेन्स कोणती घेऊ?” तेव्हा मी तिला आधी हे करायला लावलं. झाड अगदी स्पष्ट झालं तेव्हा भिंग आणि भिंत यांच्यामधलं अंतर तिने पट्टीने मोजलं. वीस सेंटिमीटर. दहावीला ‘नाभीय अंतर’ म्हणून जे पाठ केलं होतं, ते तिला पहिल्यांदा पट्टीवर दिसलं.

लेन्सवर छापलेला ५० किंवा २०० मिमी हा आकडा त्याच अंतराचा. कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये एकामागे एक बरीच भिंगं असतात, पण सगळी मिळून एका भिंगासारखी वागतात आणि त्या एका भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंथ, लेन्सवर लिहिलेली असते. ती जितकी जास्त, तितकी प्रतिमा मोठी आणि तितकाच दृश्याचा कमी तुकडा सेन्सरवर मावणार. कोजागरीला गच्चीवरून काढलेल्या फोटोत चंद्र टिकलीएवढा का येतो, याचं उत्तर इथेच आहे. ५० मिमीच्या लेन्समधून सेन्सरवर पडणारं चंद्रबिंब अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं. भाचीच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद आहे, त्यामुळे त्या रुंदीत असे पन्नासेक चंद्र शेजारी शेजारी बसतील. ५०० मिमीची लेन्स लावली की बिंब दहापट मोठं होतं.

तिला खरं तर चंद्र नको होता. तिला तिच्या आजीचे, म्हणजे माझ्या आईचे फोटो काढायचे होते: स्वयंपाकघरात खाली बसून तांदूळ निवडताना, चष्मा नाकाच्या टोकावर, बोटं परातीत. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ची किट लेन्स १८वर ठेवून, जवळ जाऊन तिने फोटो काढले आणि रुसली. “आजी अशी दिसतच नाही. नाक केवढं आलंय! ही लेन्स चेहरा बिघडवते.”

लेन्सवरचा हा आरोप सर्रास ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. आम्ही गणित करून पाहिलं. नाकाचा शेंडा कॅमेऱ्यापासून तीस सेंटिमीटरवर असेल तर कान त्याच्या मागे साधारण बारा सेंटिमीटर, म्हणजे बेचाळिसावर. वस्तू अंतराच्या व्यस्त प्रमाणात मोठी दिसते, म्हणून नाक कानाच्या तुलनेत १.४ पट मोठं उमटलं. तेच मागे सरकून दीड मीटरवर गेलं की गुणोत्तर १.०८ होतं, आणि चेहरा आपण समोर बसून पाहतो तसा दिसतो. १८ मिमीने तिला फक्त जवळ जायला भाग पाडलं, कारण लांबून चेहरा फारच लहान येत होता. चेहऱ्याची ठेवण ठरली ती उभं राहण्याच्या जागेवरून. हातभर अंतरावरून घेतलेल्या सेल्फीत नाक मोठं येतं, त्याचं कारणही हेच. मला वाटतं, लेन्स निवडताना नवशिक्याला कळायला हवी अशी ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे: आधी जागा ठरते, मग त्या जागेवरून चौकटीत किती हवं त्यावरून मिलिमीटर.

दुसरा आकडा एफचा. एफ/१.८ म्हणजे फोकल लेंथला १.८ने भागून येईल तेवढा लेन्सच्या छिद्राचा व्यास. म्हणून हा आकडा लहान असला की छिद्र मोठं असतं, आणि सुरुवातीला सगळे इथेच अडखळतात. किट लेन्स ३५ मिमीवर साधारण एफ/४.५पर्यंतच उघडते, म्हणजे छिद्र जेमतेम आठ मिलिमीटर, वाटाण्याएवढं. ३५ मिमीची एफ/१.८ लेन्स १९ मिलिमीटर उघडते, नाण्याएवढी. क्षेत्रफळ सहापटीहून जास्त, प्रकाशही तेवढाच जास्त. संध्याकाळी एका ट्यूबच्या उजेडात जिथे शटर सेकंदाचा दहावा भाग उघडं ठेवावं लागत होतं, तिथे साठावा भाग पुरतो. दहाव्या भागात आजीची बोटं पुसट होतात. साठाव्या भागात ती बरीच स्थिर येतात, हातही फारसा हलत नाही.

या मोठ्या छिद्रामागे जुनी धडपड आहे. १८३९ साली डागेरोटाइप जाहीर झाला तेव्हा माणसाचा फोटो म्हणजे मिनिटांची शिक्षा होती, कारण तेव्हाच्या लेन्सचं छिद्र फार लहान ठेवावं लागे. मोठं केलं की कडा फिस्कटत. १८४० साली व्हिएन्नात योसेफ पेट्झवाल या गणितज्ञाने भिंगांच्या वक्रतांचा हिशोब मांडून सुमारे एफ/३.६ची पोर्ट्रेट लेन्स रचली, आणि समोर बसलेल्याला एक मिनिटही ताटकळायला नको झालं. पुढे भिंगं वाढली तसा नवा प्रश्न आला. काचेचा उघडा पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो. सहा सुटी भिंगं म्हणजे बारा पृष्ठभाग, म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के प्रकाश वाटेतच गेला, शिवाय आत उसळलेल्या प्रकाशाने फोटो धुरकट. १९३५ साली त्साइस या कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ थर चढवून हे परावर्तन मारलं. लेन्स उजेडात धरली की जांभळी-हिरवी झाक दिसते, ती अशाच थरांची. आज सगळ्यात स्वस्त एफ/१.८ लेन्सवरही ते असतात. मला ही झाक पाहताना दर वेळी बरं वाटतं.

मोठ्या छिद्राची किंमतही मोजावी लागते. ३५ मिमी, एफ/१.८, अंतर एक मीटर, एवढं धरलं तर स्पष्ट येणारी पट्टी सुमारे सहा सेंटिमीटर जाडीची असते. डोळे नेमके आले की कान सुटतात. फोकस डोळ्यावरच हवा, आणि परातीतले तांदूळही हवे असतील तर छिद्र लहान करून थोडा उजेड सोडावा लागतो.

सेकंड-हँड लेन्स घ्यायला हरकत नाही, उलट पहिल्यासाठी तीच परवडते. फक्त मागून मोबाइलचा टॉर्च मारून आत पाहावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते आणि वरचा थर खाऊन टाकते. घरी सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात लेन्स ठेवली की भागतं. पुड्या मात्र वेळोवेळी बदलायला हव्यात.

आता ३५ की ५०? सगळीकडे सल्ला मिळतो तो ‘फिफ्टी’चा, आणि ३६ मिमी रुंदीच्या फुल-फ्रेम सेन्सरवर तो रास्तच आहे. पण भाचीचा सेन्सर त्याहून दीडपट अरुंद. त्यावर ५० मिमीची चौकट फुल-फ्रेमवरच्या ७५ मिमीएवढी आवळते. मी तिला काही विकत घेऊ दिलं नाही. किट लेन्सची झूम रिंग ५०वर फिरवली आणि वर चिकटपट्टी लावली. एक आठवडा असंच वापर म्हटलं, पुढचा आठवडा ३५वर.

पहिल्याच संध्याकाळी आजी स्वयंपाकघरात बसली होती. परात, हात आणि चेहरा एकत्र मावेना, म्हणून भाची मागे सरकत गेली आणि पाठ फ्रिजला टेकली. दोन मीटरवरून ५० मिमीत तिला ९४ सेंटिमीटर रुंदीचं दृश्य मिळत होतं, त्यात आजीचं एक कोपर बाहेरच राहत होतं. “अगं, आणखी मागे जाणार कुठे, ओट्यावर चढशील?” आजी म्हणाली. पुढच्या आठवड्यात पट्टी ३५वर सरकली. त्याच जागेवरून १३४ सेंटिमीटर. आजी, परात, शेजारचा तांदळाचा डबा आणि खिडकीतून येणारा उजेड, सगळं आत. भाचीने ३५ घेतली.