मत्स्यपेटीतील पाणी दुधाळ झाले तरी सगळे बदलू नये

रायपूर : घरी नव्याने मांडलेल्या मत्स्यपेटीतील पाणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुधाळ दिसू लागले की बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो. पेटी रिकामी करून खडी घासली जाते, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळला जातो आणि ताजे पाणी भरले जाते. दोन दिवस पाणी नितळ राहते, पुन्हा गढुळते आणि मासे दगावू लागतात. ते बहुधा या साफसफाईमुळेच दगावतात.

माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेले खाद्य कुजल्याने पाण्यात अमोनिया साठतो. त्याचे आधी नायट्राइट व पुढे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू असतात, हे सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिले. हे जिवाणू स्पंजवर आणि खडीवर चिकटून राहतात. त्यांची वाढ फार संथ असते. संख्या दुप्पट होण्यास अनेकदा एक दिवस किंवा अधिक वेळ लागतो. कुजके खाद्य फस्त करणारे दुसरे जिवाणू मात्र तासाभरातही दुप्पट होऊ शकतात. पाण्यात तरंगणारी ही दुसरी गर्दीच आपल्याला दुधाळ दिसते. ती सहसा आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. मात्र स्पंज क्लोरीनयुक्त पाण्यात धुतला तर उपयोगी जिवाणूंची वसाहत उद्ध्वस्त होते आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. नव्या पेटीत ही वसाहत स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

रायपूरसारख्या शहरात सावधगिरी अधिक हवी. महापालिकेचे पाणी खारून नदीचे असले, तरी अनेक वसाहतींत कूपनलिकेचे पाणी वापरले जाते आणि हा सारा परिसर चुनखडीचा आहे. बलौदाबाजारचे सिमेंट कारखाने त्याच खडकावर उभे आहेत. असे जड पाणी बहुधा अल्कधर्मी असते. पाण्याचा सामू ७ असताना २५ अंश सेल्सिअसला एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांवर जातो. तापमान वाढले की तो आणखी वाढतो, शिवाय उष्ण पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. वैशाखातील रायपूरमध्ये हे दोन्ही एकदम घडते.

कधी गढूळपणा मूळ पाण्यातलाच असतो. कूपनलिकेच्या पाण्यातील कार्बन डायऑक्साइड उडून गेला की विरघळलेला चुना बारीक पांढऱ्या कणांच्या रूपात वेगळा होऊ शकतो. पारख सोपी आहे. तेच पाणी स्वच्छ काचेच्या बाटलीत भरून पेटीशेजारी ठेवावे. बाटलीतलेही धूसर झाले तर दोष पाण्याचा. ते नितळ राहिले तर शोध पेटीत घ्यावा.

पेटीतला दोष असल्यास एक-दोन दिवस खाद्य बंद ठेवावे. निरोगी प्रौढ माशांना त्याने अपाय होत नाही. पाव ते एक तृतीयांश पाणीच बदलावे आणि बदलीचे पाणी पेटीइतक्याच तापमानाचे असावे. नळाचे पाणी क्लोरीननाशक घालूनच वापरावे. क्लोरीन उघड्या बादलीत दिवसभरात बरेचसे उडून जाते. क्लोरामाइन असल्यास तेवढ्याने भागत नाही. स्पंज धुवायचाच असेल तर पेटीतून काढलेल्या पाण्यात हलका खळबळावा. हवेचा पंप अखंड चालू ठेवावा. अमोनिया व नायट्राइट मोजणारा संच मत्स्यपालनाच्या दुकानांत मिळतो. शोभेच्या किल्ल्याआधी तो घ्यावा. पावसाळ्यातील सवयीने तुरटी फिरवण्याचा मोह टाळावा. तिने गाळ खाली बसतो, अमोनिया मात्र तसाच राहतो.

हिरवे पाणी हे तरंगत्या शेवाळाचे लक्षण. पेटी खिडकीपासून दूर न्यावी आणि दिवा रोज सहा ते आठ तासच लावावा. पिवळसर-तपकिरी छटा बहुधा नव्या लाकडाच्या सजावटीतून उतरते, तिची चिंता नको. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले तर मात्र पाणी नितळ दिसत असले तरी त्याच दिवशी थोडे पाणी बदलावे आणि अमोनिया तपासावा.