आधी बॉटम, मग नक्षी

तयार जीन्सची आतली लांबी बहुतेक 30 ते 32 इंच असते, आणि आमच्या घरातल्या कुठल्याही बाईला 27-28 च्या पुढे लागत नाही. त्यामुळे भिलाईत जीन्स घेतली की दुकानातून थेट आल्टरवाल्याकडे जायचं, हे ठरलेलं. सुपेल्यात काय, पॉवर हाउसला काय, फुटपाथवर मशीन टाकून बसलेला माणूस मान वर न करता विचारतो, "ओरिजिनल बॉटम रखना है क्या?" हो म्हटलं तर पैसे जास्त, नाही म्हटलं तर दहा मिनिटांत काम. पण ज्या पँटवर हाताने भरतकाम करायचं आहे, ती त्याच्याकडे द्यायची नाही, असं शेजारच्या काकूंचं म्हणणं. बॉटम, म्हणजे पायाचा काठ, आणि नक्षी एकाच हाताखालून गेली पाहिजेत.

काकू मूळच्या अमरावतीच्या. त्यांचे सासरे भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा इकडे आले. 1955 मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, आणि त्या काळात विदर्भातली बरीच कुटुंबं सेक्टरांतल्या क्वार्टरांत येऊन राहिली. त्यांना हा परमुलूख वाटला नसणार. 1956 पर्यंत दुर्ग जिल्हा आणि विदर्भ नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होते. काकूंच्या बोलण्यात वऱ्हाडी अजून शिल्लक आहे. मी वहीत काही टिपायला लागले की "काय लिहून राहिली गं तू, बघ ना इकडे" असं म्हणून सुई माझ्यासमोर धरतात.

सध्या त्यांच्या मांडीवर भाचीची जीन्स आहे. तीन इंच लांब. पण त्यांनी मोजायला टेप काढली ती पँट दोनदा धुऊन झाल्यावरच. डेनिम सुती असतं आणि पहिल्या धुण्यांत उभ्या धाग्याकडून आटतं. गिरणीत आधी आटवून घेतलेलं कापड थोडंच आटतं, न आटवलेलं मात्र दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. आधी कापून, शिवून, भरून मग धुतलं तर पँट घोट्याच्या वर जाते आणि भरलेल्या नक्षीभोवती कापड चुण्या धरतं. शिवाय निळीचं काम वेगळं. सुताच्या गाभ्यापर्यंत ती जातच नाही, वरवर बसते, म्हणून जीन्स विटते आणि तिच्या त्या विटण्याचंच लोकांना कौतुक. कोऱ्या जीन्सवर पांढरा किंवा पिवळा दोरा भरला तर ती सुटी नीळ पहिल्याच धुण्यात दोऱ्यावर चढते. काकू दुसरीकडूनही खात्री करून घेतात. लाल, मरून दोरा आणला की त्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या रुमालात गुंडाळून रात्रभर ठेवायचा. रुमाल डागला तर ती लडी दुसऱ्या कशाला तरी वापरायची.

मग बॉटम. कारखान्यात शिवलेला मूळ काठ टिकवायचा असतो, कारण तो साध्या मशीनवर पुन्हा तसा बनवता येत नाही. जुन्या युनियन स्पेशल 43200जी या मशीनवर साखळी टाक्याने काठ शिवताना वरचा आणि खालचा थर कमीजास्त सरकतो, काठाला पीळ पडतो, आणि धुता धुता त्या पिळाचे उंचवटे पांढरे होतात, खळगे निळे राहतात. सुंभाच्या दोरीसारखी ती खूण. या एका खुणेसाठी जुनी मशीनं शोधणारे शौकीन जगभर आहेत. आपल्याकडे त्याला नुसतं "ओरिजिनल" म्हणतात आणि तेवढ्यात सगळं येतं.

काकूंची पद्धत अशी. पायाचा काठ बाहेरच्या बाजूने वर दुमडायचा. तीन इंच कमी करायचे तर काठाच्या जुन्या टिपेपासून नव्या घडीपर्यंत दीड इंच, कारण घडीत कापड दुप्पट जातं. जुना काठ या मापात धरायचा नाही, तो तर राहणारच आहे. इथेच बहुतेक जण फसतात आणि पँट लांबच राहते. घडी चारही बाजूंनी सारखी आहे का ते टेपने बघून टाचण्या लावायच्या, कच्चा टाका घालायचा, टाचण्या काढायच्या. मग जुन्या काठाला अगदी चिकटून हातटीप. इंचाला सात-आठ टाके, दोरा दुहेरी आणि मेण लावलेला. घडी उलटी केली की काठ खाली येतो, जास्तीचं कापड आत जातं. ते अर्धा इंच ठेवून कापायचं आणि कापलेल्या कडेला काजटाका.

सगळा वेळ खातो तो शिवणीवरचा गठ्ठा. जीन्सच्या पायाची एक शिवण दुमडून दुमडून घातलेली असते, तिच्यात कापडाचे चार थर. त्यावर घडी आली की सुई अडते. मशीनवाले तिथे हातोडी मारतात. काकू खलबत्त्यातला बत्ता आणतात, पँट जमिनीवर ठेवून जाड भागाला आठ-दहा ठोके देतात. अख्ख्या देशाच्या रेल्वेला रूळ लाटून देणाऱ्या गावात हे काम पितळी बत्त्यावर निभतं, याची मला गंमत वाटते. ठोकल्यावर धागे दबतात, सुई जाते. तरी ती बोटाने ढकलायची नाही. अंगुस्तान घालायचं, आणि पलीकडून ओढायला एक छोटी पकड जवळ ठेवायची. सुई अडलीच तर ती साबणाच्या वडीत एकदा खुपसून काढायची.

इस्त्री फिरवल्यावर नवी टीप दिसत नाही असं नाही. काठाच्या वर एक बारीक रेघ, थोडी खोलगट, उरतेच. आल्टरवाला तिला सोडून देतो. काकूंचं भरतकाम त्या रेघेपासून सुरू होतं. तिच्यावर साखळी टाक्याची एक ओळ, सहा धाग्यांची, तंबाखू रंगाची. हा रंग मुद्दाम, कारण जीन्सच्या बाकी टिपा त्याच रंगाच्या असतात. साखळी झाली की जोड कुठे आहे ते सांगावं लागतं, आणि साखळीच्या वर मग काय हवं ते करा.

इथवर पाहिल्यावर जीन्सवरच्या भरतकामाबद्दलचं माझं मत पक्कं झालं. बाजारात नक्षीदार जीन्स मिळते, तिच्यावर मांडीच्या मधोमध एक गुलाब असतो आणि तो तिथे का आहे याचं उत्तर कोणाकडे नसतं. हाताने भरलेली पँट बघताना कळतं की नक्षीची जागा पँटच दाखवते. जोड आहे तिथे, खिसा उसवतो तिथे, गुडघा झिजतो तिथे. जीन्सची सुरुवातही अशीच आहे. अमेरिकेत नेवाडातल्या रीनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस कामगारांच्या पँटींचे खिसे फाटतात म्हणून त्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकायला लागला आणि 20 मे 1873 ला त्याला नि लेव्ही स्ट्रॉस यांना त्याचं पेटंट मिळालं. आज आपण ते दागिन्यासारखे मिरवतो. पुढे शंभर वर्षांनी, हिप्पींच्या भरलेल्या-रंगवलेल्या पँटींची लाट आल्यावर, लेव्ही स्ट्रॉसच्याच कंपनीने लोकांनी घरी सजवलेल्या डेनिमची स्पर्धा घेतली आणि 1974 मध्ये त्यातले निवडक कपडे संग्रहालयांतून मांडले गेले.

नक्षी छापायची रीत जुनीच आहे. गडद कापडावर निळा कार्बन काही कामाचा नाही. बटर पेपरवर चित्र काढायचं, रेघांवर सुईने भोकं पाडायची, कागद पँटवर टाचून वरून रॉकेलमध्ये कालवलेला सफेदा कापडाच्या बोळ्याने हलकेच फिरवायचा. पांढऱ्या ठिपक्यांची चित्राकृती उतरते. रॉकेल आता सहज मिळत नाही, म्हणून बाकीचे पिवळा कार्बन वापरतात. तो जाडसर कापडावर अर्धवट उमटतो, आणि डेनिमच्या तिरक्या विणीवर सरळ रेघही आपोआप तिरकी ओढली जाते. काकू त्यासाठी दर दोन इंचांवर खडूची खूण करतात.

रिंग लावायची की नाही? पायाचा घेर मोठा असेल तर चार इंची रिंग जाते, नाहीतर आतली साधी शिवण वीतभर उसवून पाय सपाट करून घ्यायचा. पण डेनिम स्वतःच इतकं ताठ की रिंगेची फारशी गरज नसते. डाव्या हाताची चार बोटं आत घालून कापड ताणून धरलं की पुरतं. फक्त कधीकधी मागचा थरही सुईत येतो आणि पँटचा पाय स्वतःलाच शिवला जातो, म्हणून आत एक जुनी वही सरकवून ठेवलेली बरी. हल्लीच्या पँटींत लवचीक धागा असतो, ती गोष्ट निराळी. तिच्यावर दोरा घट्ट ओढला तर पँट अंगावर ताणल्यावर टाका तुटतो, आणि कापड ताणून भरलं तर सोडल्यावर चुरगळतं. तिला मागून जुन्या सुती साडीचा तुकडा लावायचा, दोरा सैल ठेवायचा.

टाका कोणता हेही जागेवर ठरतं. सॅटिन टाका मागच्या खिशावर ठेवला तर बाकावर घासून महिन्याभरात त्याचे धागे निघतात. गुडघ्यावर लांब टाका नकोच, पाय दुमडला की तो अडकतो. तिथे धावदोरा, बारीक आणि ओळीने, मागे कापडाचा तुकडा ठेवून. गोधडीला आपण जो घालतो तोच. जपानी शेतकऱ्यांच्या घरांतून निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने सशिको नावाची शिवण घालत, तीही झिजलेलं कापड जाड करायलाच. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग त्यात नवीन काय? आमच्या आजीनं तेच केलं जन्मभर."

भाचीला पँटच्या पायावर गोंदणाची नक्षी हवी होती. छत्तीसगडात गोदना आहेच, आणि सरगुजाकडच्या जमगला गावच्या बायका ती चिन्हं कापडावरही रंगवतात. ठिपके आणि आखूड रेघा यांचं ते काम सुईला फार सोयीचं, गाठीचा टाका आणि धावदोरा इतकंच लागतं. पण मेल्यावर सोबत जाणारा दागिना गोदनाच, असं इकडे मानतात, आणि कुठल्या चिन्हाचा मान कोणाचा हे आम्हा दोघींना माहीत नव्हतं. शेवटी नुसत्या ठिपक्यांच्या दोन ओळी घेतल्या. भाची थोडी रुसली. मला ते बरोबर वाटतं.

उरलेले दोन निळे तुकडे, बॉटममधून कापलेले, काकूंनी टाकू दिले नाहीत. पँटच्या आतल्या कमरपट्टीला दोन टाक्यांनी अडकवले. पँट धुतली जाईल तेव्हा तेही धुतले जातील आणि तितकेच विटतील. कपाटात ठेवलेला तुकडा गडद राहतो, मग पुढे गुडघ्याला लावला की ठिगळ लांबून दिसतं. भाची दहावीत आहे, स्कूटी शिकून राहिली आहे.