नशा उतरते, संसर्ग उरतो

व्यसनाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा होते ती संगतीची, संस्कारांची आणि मनाच्या कमकुवतपणाची. शरीराचा विचार होतो तो थेट शेवटच्या बातमीपाशी: 'ओव्हरडोस झाला, मुलगा गेला.' या दोन टोकांच्या मधला काळ मात्र बरेचदा अनेक वर्षांचा असतो. त्या काळात हातापायांवर गळवं येतात, अधूनमधून ताप येतो, यकृत गुपचूप सुजत राहतं, हृदयाची झडप कुरतडली जाते. यातलं बरंचसं टाळता येतं, पुष्कळसं बरंही करता येतं. ते होत नाही, कारण माणूस लपतो आणि आपणही त्याला लपायलाच लावतो.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालय आणि दिल्लीच्या 'एम्स'ची देशव्यापी पाहणी 2019 साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजानुसार भारतात सुमारे 8.5 लाख लोक सुईनं नशा करतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या 2021च्या पाहणीत या गटात एचआयव्हीचं प्रमाण सुमारे 9 टक्के आढळलं. देशातल्या एकूण प्रौढांमध्ये ते 0.2 टक्क्यांच्या आसपास आहे. चाळीस पटींहून जास्त असा हा फरक नशेच्या पावडरीमुळे पडत नाही. पावडरीत एचआयव्ही नसतो, तो येतो दुसऱ्याच्या रक्तातून.

रिकामी दिसणारी सिरिंज

शीर नेमकी सापडली का, हे पाहण्यासाठी दट्ट्या किंचित मागे ओढला जातो. नळीत रक्ताची लाल रेघ उमटते. मग दट्ट्या शेवटपर्यंत दाबला तरी सुई आणि नळी जिथे जोडलेली असतात, त्या खोबणीत थोडा द्रव उरतोच. डोळ्यांना सिरिंज रिकामी दिसते. साध्या पाण्यानं खंगाळून ती पुढच्या माणसाच्या हातात जाते, तेव्हा आधीच्याचं रक्त तिच्यासोबत जातं. प्रयोगशाळेतल्या अभ्यासात हिपॅटायटिस सीचा विषाणू सिरिंजमध्ये तब्बल 63 दिवसांपर्यंत जिवंत आढळला आहे.

'मी कुणाची सुई वापरत नाही,' असं खात्रीनं सांगणारेही चमचा, कापूस आणि पाणी वाटून घेतात. हिपॅटायटिस सीला तेवढी वाट पुरते. टर्की सुरू झालेल्या, म्हणजे अंग मोडून आलेल्या, नाकाडोळ्यांतून पाणी गळणाऱ्या माणसाला नवी सुई मिळेपर्यंत थांबणं जमत नाही. खिशात सिरिंज सापडली तर पोलीस धरतील, ही भीती असतेच. म्हणून तो समोर असेल ती सुई उचलतो.

हे किती वेगानं पसरतं, ते मणिपूरनं दाखवलं. म्यानमारच्या सीमेवरून तिथे हेरॉइन सहज येत होतं. सुईनं नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीची पहिली नोंद 1989 साली झाली आणि वर्षभरात तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण बाधित निघू लागले. अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या ऑस्टिन या जेमतेम चार हजार वस्तीच्या गावात 2015 साली वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचण्याची लाट आली, तेव्हा एचआयव्ही बाधितांचा आकडा 180च्या वर गेला. डोंगराळ मणिपूर आणि श्रीमंत अमेरिका यांच्यात साम्य एकच होतं: सुई अनेकांची होती आणि निर्जंतुक सुई मिळायची सोय नव्हती.

वीस वर्षांनी येणारं दुखणं

हिपॅटायटिस सीचा विषाणू 1989 मध्ये ओळखला गेला. त्यामागच्या संशोधनाला 2020चं नोबेल मिळालं. लागण झालेल्यांपैकी बहुतेकांच्या शरीरात तो कायमचा मुक्काम करतो आणि वीस-तीस वर्षं फारसं लक्षणही दाखवत नाही. मग सिरोसिस होतो, पोटात पाणी होतं, कधी यकृताचा कर्करोग निघतो. म्हणून तरुणपणी काही महिनेच सुई घेतलेल्या आणि नंतर संसारात रमलेल्या माणसानंही ही तपासणी करायला हवी. साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले 95 रुग्ण बरे होतात. जुलै 2018 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हे उपचार मोफत मिळतात. हिपॅटायटिस सीवर लस नाही, हिपॅटायटिस बीवर आहे.

त्वचेपासून हृदयापर्यंत

विषाणूंइतकेच घातक असतात आपल्याच त्वचेवर राहणारे जिवाणू. न पुसलेल्या त्वचेतून सुई शिरते, तिच्याबरोबर स्टॅफिलोकॉकस आत जातो. आधी गळू होतं, पुढे आजूबाजूचं मांस सडू लागतं. रक्तात गेलेले जिवाणू हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेवर बस्तान बसवतात. तिथून पुवाच्या गुठळ्या सुटून फुफ्फुसात जातात. रुग्ण येतो तो थंडीताप, खोकला आणि धाप घेऊन. मलेरिया, न्यूमोनिया, क्षयाच्या तपासण्या होतात, पण पूर्ण बाह्यांच्या शर्टाखालचे डाग तो दाखवत नाही. शिरेतून चार ते सहा आठवडे प्रतिजैविकं द्यावी लागतात, कधी झडपच बदलावी लागते.

पावडर स्वतःही स्वच्छ नसते. स्कॉटलंडमध्ये 2009-10 साली हेरॉइनमधून अँथ्रॅक्सची साथ पसरली. 119 जणांना लागण झाली, 14 दगावले. ब्राउन शुगर विरघळवण्यासाठी पिळलेल्या लिंबातली बुरशी थेट डोळ्यात पोचून दृष्टी गेल्याच्या नोंदी युरोपात 1980च्या दशकात झाल्या.

सुई नको म्हणून पन्नीवर गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढणारे स्वतःला सुरक्षित समजतात. त्यांची फुफ्फुसं मात्र लवकर निकामी होतात, आणि कोंडलेल्या खोलीत एकाच घोळक्यात बसल्यानं क्षयही पसरतो. मुंबई-पुण्यात बोकाळलेलं एमडी, म्हणजे मेफेड्रोन, हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि अंगातली उष्णता धोकादायक पातळीला नेतं. रेल्वे फलाटांवरची मुलं हुंगतात त्या सोल्युशन आणि व्हाइटनरच्या वाफेनं हृदयाची लय बिघडून जागीच मृत्यू येऊ शकतो, पहिल्याच वेळीसुद्धा. 2019च्या त्या पाहणीत मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त प्रमाणात आढळलेला नशेचा प्रकार हा एकच होता.

श्वास मंदावतो तेव्हा

हेरॉइन आणि त्या कुळातल्या औषधांच्या अतिमात्रेत मेंदूचा श्वासावरचा ताबा सुटतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ निळे पडतात, घशातून घरघर येते. सर्वांत मोठा धोका असतो तो तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत. शरीराची सवय मोडलेली असते आणि हात जुनीच मात्रा घेतो. अशा वेळी 108ला फोन करा, काय घेतलं ते स्पष्ट सांगा, माणसाला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. बेशुद्ध माणसाला मीठपाणी, दूध, काहीही पाजू नका. नॅलोक्झोन हे औषध वेळेत मिळालं तर थांबत आलेला श्वास पुन्हा सुरू होतो.

दार उघडं ठेवणारे उपाय

नव्या सुया वाटणं म्हणजे व्यसनाला खतपाणी, असा आक्षेप नेहमी येतो. अॅमस्टरडॅममध्ये 1984 साली अशी अदलाबदल सुरू झाली आणि तेव्हापासून देशोदेशीचा अनुभव सांगतो की त्यानं नशा करणारे वाढत नाहीत, संसर्ग घटतो. सुई घ्यायला आलेला माणूस कधीतरी उपचारांचीही चौकशी करतो. भारतात एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमात सुयांबरोबर ब्युप्रेनॉर्फिन देण्याची सोय आहे. जिभेखाली ठेवायच्या या गोळीनं टर्की येत नाही आणि सुईची गरज संपते. एचआयव्ही-एड्स कायदा 2017नं अशा कामाला संरक्षण दिलं आहे. स्वतःहून उपचार घेणाऱ्याला अमली पदार्थ कायद्यातही दिलासा आहे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. गर्दच्या लाटेत, 1986 साली, डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' सुरू केलं. पु. ल. देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तिथे व्यसनी माणसाकडे गुन्हेगार म्हणून पाहिलं गेलं नाही, तो रुग्ण होता. शरीराच्या उपचारांनाही हीच दृष्टी लागते. डॉक्टरसमोर बाही वर करायला लाज वाटली की निदान चुकतं, आणि चुकलेलं निदान जीव घेतं.

घरातल्या कुणाबद्दल शंका असेल तर खोली धुंडाळण्याआधी त्याच्याजवळ बसा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि क्षय या चार तपासण्या करून घ्या, हिपॅटायटिस बीची लस द्या. सुई टोचून 72 तास झाले नसतील तर एचआयव्ही रोखणारं औषध लगेच सुरू करता येतं. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि एचआयव्हीसंबंधी 1097 हे फोन मोफत आहेत. नशा आज सुटली नाही तरी तपासणी आज होऊ शकते. ती उद्यावर टाकू नका.